‘गुन्हा कबूल’ म्हणण्याआधी



 धुळ्याच्या याच शहरातल्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. तुरुंगात गेलेला प्रत्येक माणूस गुन्हेगार नसतो, हे धुळेकरांना वेगळे सांगावे लागत नाही.

१ जुलै २०२४ पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यांवर चर्चा भरपूर झाली. पण आपल्या गल्लीतल्या माणसाची गाठ बहुतेक वेळा पडते ती राज्याच्या कायद्यांशी: १९४९ चा दारूबंदी कायदा, १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा, १९५१ चा महाराष्ट्र पोलीस कायदा. यांतली प्रकरणे किरकोळ समजली जातात आणि तिथेच घात होतो.

कोर्टातले रोजचे दृश्य आठवा. पत्ते खेळताना सापडलेला मजूर उभा आहे. नाव पुकारले जाते, “गुन्हा कबूल आहे का?” वकील दिलेला नाही, रोज बुडालेला आहे, शेजारचा कानात सांगतो, “हो म्हण, दंड भर अन् मोकळा हो.” तो हो म्हणतो. दंड भरून तो घरी जातो, पण ती शिक्षा त्याच्या नावावर राहते. पुढे पोरगा पोलीस भरतीला उतरला, तर स्वतःच्या अशाच एका कबुलीपायी चारित्र्य पडताळणीत अडकतो. अर्जात ती लपवली तर आणखी वाईट. अवतार सिंग खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की उमेदवाराने माहिती खरीच दिली पाहिजे. गुन्हा क्षुल्लक असेल तर नेमणूक करणारा ती लपवणूक नजरेआड करू शकतो. पण खरे सांगूनही निर्णय दुसऱ्याच्याच हाती.

याहून जड परिणाम हद्दपारीचा, ज्याला आपण तडीपारी म्हणतो. पोलीस कायद्याच्या कलम ५७ खाली दारूबंदी आणि जुगाराच्या काही कलमांतल्या वारंवार झालेल्या शिक्षाही हद्दपारीला आधार ठरतात. कलम ५६ मध्ये तर शिक्षा झालेली असण्याचीही गरज नाही. नोटिशीत ठरलेले वाक्य असते की साक्षीदार भीतीपोटी उघडपणे पुढे येण्यास तयार नाहीत. जबाब गोपनीय, नावे नाहीत, आरोपांचे स्वरूप तेवढे ढोबळ. उत्तर द्यायचे तरी कुणाच्या बोलण्याला? आदेश निघाला की दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर, कधी लगतच्या जिल्ह्यांबाहेरही. केळीच्या बागेत राबणाऱ्या माणसाला दोन वर्षे कोण पोसणार, हे त्या कागदावर कुठे लिहिलेले नसते.

वाळू तस्करांची दहशत गिरणा-तापीच्या काठावर ज्यांनी सोसली, त्यांना कठोर कायदा हवा आहे, आणि तो हवाच. १९८१ च्या एमपीडीए या प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्यात वाळू तस्कर पुढे घातले गेले ते त्यासाठीच. पण त्या कायद्याने खटल्याशिवाय बारा महिने स्थानबद्ध करता येते आणि सल्लागार मंडळापुढे स्थानबद्धाला वकीलही उभा करता येत नाही. मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली दोषारोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. ज्या कायद्यात आरोपीच्या हातात इतके थोडे उरते, तिथे उरलेल्या थोड्याचा काटेकोर वापर व्हायलाच हवा, हे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

ते थोडे म्हणजे काय? हद्दपारीच्या बाबतीत पोलीस कायद्याच्या कलम ५९ ची नोटीस आली की लेखी उत्तर द्या, साक्षीदार द्या, वकील घेऊन हजर राहा. आदेश झाला तर तीस दिवसांत अपील. तिथे दाद लागली नाही तर उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ आहे. जालन्याच्या दीपक डोंगरे प्रकरणात २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हद्दपारीचा आदेश रद्द केला. हा असाधारण उपाय क्वचितच वापरावा आणि पूर्ण दोन वर्षांसाठी घालवायचे तर तेवढ्या मुदतीची गरज का, हे आदेशात दिसले पाहिजे, असे बजावले. तो निकाल इथल्या प्रत्येक तरुण वकिलाने स्वतः वाचावा.

पारधी, भिल्ल वस्त्यांवरून आलेल्या मंडळींना माझे खास अभिवादन. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून गुन्हेगार ठरवलेल्या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी विमुक्त झाल्या, तरी चोरी झाली की पहिला संशय आजही कुणावर जातो, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक? त्यांचे अनुभव या परिषदेने आधी ऐकावेत.

विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याने कोठडीतल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १५१०० हा प्राधिकरणाचा दूरध्वनी क्रमांक आहे. जेवणानंतर आपल्यातले ज्येष्ठ वकील मागच्या दालनात बसणार आहेत. ज्यांच्या घरी नोटीस आली आहे, त्यांनी ती तिथे दाखवावी. पाकिटही सोबत ठेवावे, मुदत मोजताना तारखेचा शिक्का लागतो.

आता मी अध्यक्षांना परिषदेचे उद्घाटन करण्याची विनंती करतो.