तटबंदीतलं पुस्तकांचं गाव

पोर्तुगालमध्ये लिस्बनच्या उत्तरेला टेकडीवर ओबिदुश हे मध्ययुगीन तटबंदीतलं गाव आहे. १२८२ मध्ये राजा दिनिशनं ते राणी इझाबेलला भेट दिलं होतं. अलीकडे मात्र दिवसा पर्यटकांची झुंबड आणि तटाच्या आत राहणारी माणसं मोजकी, अशी त्याची गत झाली होती.

हे बदलण्यासाठी नगरपालिकेनं ‘लेर देवागार’ या लिस्बनच्या पुस्तक-दुकानाला सोबत घेतलं. जुन्या वास्तूच पुस्तकांना दिल्या, हे विशेष! १७५५ च्या भूकंपानंतर पुन्हा बांधलेल्या सांतियागो चर्चमध्ये आता पुस्तकांची कपाटं आहेत. दुसऱ्या दुकानात तर फळांची लाकडी खोकी एकावर एक रचून भिंतभर फडताळं केली. पुस्तकांशेजारीच सेंद्रिय भाजी-फळंही मिळतात. ही रचना फारच लोभस आहे.

२०१५ मध्ये तिथं ‘फोलिओ’ साहित्य महोत्सव सुरू झाला आणि त्याच वर्षी युनेस्कोनं ओबिदुशला ‘साहित्यनगरी’चा मान दिला.

आपल्याकडे पाचगणीजवळचं स्ट्रॉबेरीचं भिलार ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ झालं. त्याची प्रेरणा वेल्समधल्या ‘हे-ऑन-वाय’ या पुस्तकांच्या गावाची. भिलारमध्ये गावकऱ्यांनी स्वतःच्या घरातल्या खोल्याच वाचकांसाठी उघडल्या आहेत.