डोंगरवाटेची शर्यत आणि माघारीचे धैर्य

(जांबे, तालुका मुळशी, येथे भरलेल्या ज्ञातिबांधवांच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आजच्या सत्काराच्या यादीत आपल्या एका तरुणाचे नाव आहे. सह्याद्रीतील पन्नासाहून अधिक किलोमीटरांची डोंगरवाटेची शर्यत त्याने पुरी केली. त्याचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु त्याच शर्यतीस आपल्या ज्ञातीतील आणखी एक तरुण गेला होता. तो अर्ध्या वाटेवर थांबला, म्हणून त्याचे नाव यादीत नाही. आम्ही आज मुख्यत्वे त्याच्याविषयी बोलणार आहो.

धावणे आपल्या मुलखास नवे नाही. सन 1919 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत खेड्यांतील शेतकरी अनवाणी लांब पल्ल्याची शर्यत धावले. ते पाहून सर दोराबजी टाटा थक्क झाले, आणि त्यातूनच पुढच्या वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदी खेळाडू गेले. त्यांपैकी बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन शर्यत 2 तास 50 मिनिटांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पायांतही तेच बळ होते. आज हिंजवडीच्या कचेऱ्या आपल्या उंबरठ्याशी आल्या आहेत आणि आपली मुले दिवसभर खुर्चीवर बसून काम करतात. ती पुन्हा डोंगराकडे वळत असतील, तर आम्हांस त्याचा आनंदच आहे.

तथापि डोंगरवाटेची शर्यत ही मैदानावरील शर्यत नव्हे. सिंहगड, राजगड आणि तोरणा या गडांना जोडणारी अशी एक शर्यत 2018 पासून डिसेंबर महिन्यात भरत आली आहे. तिच्यातील सर्वांत मोठा पल्ला 100 किलोमीटरांचा असतो. एकट्या तोरण्याचीच उंची 1403 मीटर आहे. वाट कधी कारवीच्या रानातून, कधी उघड्या कातळावरून, तर कधी पाय ठरू न देणाऱ्या घसाऱ्यावरून जाते. पहाटे थंडी बोचते आणि दुपारी कातळ तापतो. अनुभवी धावपटू चढावर धावत नाही, तो चालतो. खरी कसोटी उतारावर लागते. कारण तेथे मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार तोलून धरतात, आणि पाय तेथेच निकामी होतात. घामाबरोबर मीठ जाते. म्हणून नुसते पाणी पीत राहणेही घातक ठरते. कड्यावर आग्या मोहोळ असेल, तर गोंगाट करून चालत नाही. वाटेवर ठरावीक चौक्या असतात. नेमलेल्या वेळेत जो तेथे पोचत नाही, त्यास थांबवितात. हा अपमान नव्हे. अंधारात, रानात हरवलेल्या माणसास शोधणे किती कठीण असते, हे डोंगरात राहणाऱ्यास सांगावयास नको.

चीन देशातील कान्सू प्रांतात 22 मे 2021 रोजी अशीच 100 किलोमीटरांची शर्यत चालू असता एकाएकी वादळी वारा आणि गारठा आला. एकवीस धावपटू प्राणास मुकले. त्यांत त्या देशातील नामांकित धावपटूही होता. एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेत आसरा देऊन वाचविले. निसर्ग कोणाचे नाव आणि कोणाची पदके पाहत नाही, हाच याचा बोध.

येथे आम्हांस स्वतःचा एक दोष सांगितला पाहिजे. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी शाळेच्या टेकडीवरील शर्यतीत आम्ही वळणावर पंच म्हणून उभे होतो. एक मुलगा लंगडत आला आणि दगडावर बसला. आम्ही त्याला म्हणालो, "मुलींसारखा काय बसतोस? ऊठ!" तो उठला. रडत रडत धावला आणि शेवटपर्यंत पोचलाही. आम्ही त्याची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी कळले की त्याच्या घोट्याचे हाड मोडले होते. तीन महिने तो शाळेत येऊ शकला नाही. त्या एका वाक्यात आम्ही मुलींचा अपमान केला आणि त्या मुलाचा पाय मोडीत काढला. त्या पोराने आम्हांस कधी दोष दिला नाही, आणि तेच आम्हांस अधिक सलते.

आता आपल्या तरुणाकडे वळू. त्याच्या पोटऱ्यांत गोळे येत होते, उलट्या होत होत्या. चौकीवर त्याने स्वयंसेवकांना सर्व स्पष्ट सांगितले आणि आपला क्रमांकाचा कापडी बिल्ला उतरवून दिला. गावाला कळेल, लोक हसतील, हा विचार त्याच्या मनात आला नसेल काय? आला होता, त्याने स्वतःच आम्हांस तसे सांगितले. तरीही तो थांबला. पुढे जाण्यास पायांचे बळ लागते, पण माघारी फिरण्यास मनाचे लागते. तो पुन्हा सराव करील आणि पुन्हा जाईल, कारण तो धडधाकट परतला आहे.

पालकांस आमची विनंती एवढीच की, मुलांना डोंगरावर जाण्यास मना करू नका. पण "पुरी केल्यावाचून घरी येऊ नकोस" असेही बजावू नका. आणि कार्यकारी मंडळास विनंती की, आज सत्काराच्या वेळी त्या दुसऱ्या तरुणासही व्यासपीठावर बोलवावे. नारळ एकच आणला असेल, तर आमच्यासाठी आणलेला नारळ त्याला द्यावा.