आपले रक्त, परके रक्त

अधारताल हा जबलपूर शहराचा एक भाग. राणी दुर्गावतीचा मंत्री आधारसिंह याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तलावावरून वस्तीस हे नाव पडले, आणि 1964 साली स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयामुळे ते शेतकऱ्यांत दूरवर पोहोचले. अशा परिसरातील जाणत्या गोपालकास एक गोष्ट सांगावी लागत नाही. वासरू जन्मले की त्याला चीक पाजण्याची त्याला घाई असते. सगळा चीक खरवसासाठी काढून घेणारा लोभी मालक पुष्कळदा वासरालाच मुकतो. गाईच्या रक्तातील रोगप्रतिकारक प्रथिने, ज्यांना प्रतिपिंड म्हणतात, ती वारेतून गर्भापर्यंत जाऊ शकत नाहीत. ती चिकातूनच मिळावी लागतात. आणि वासराचे आतडे ती सबंधच्या सबंध रक्तात घेते ते जेमतेम पहिला दिवसभर. पुढे ते दार बंद होते.

माणसाच्या रक्तातही ही प्रथिने आहेत. 1939 साली टिसेलियस आणि कबात यांनी विजेच्या साह्याने रक्तजलातील प्रथिने विलग केली, तेव्हा प्रतिपिंड मुख्यत्वे गॅमा ग्लोब्युलिन नावाच्या, सर्वांत संथ सरकणाऱ्या भागात सापडले. परके ते ओळखावे आणि त्याला चिकटावे, हे त्यांचे काम. आता जो पहारेकरी परक्यावर तुटून पडतो, तो घरच्या माणसावर कधी उलटेल काय? जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांचे मत असे होते की, शरीराला स्वतःविरुद्धच्या विषाची जणू भीती असते व ते असा अनर्थ होऊ देत नाही. एर्लिख यांचा दरारा मोठा होता. त्यामुळे 1904 साली व्हिएन्नामध्ये डोनाथ व लँडस्टायनर यांनी, थंडी बाधताच ज्यांच्या लघवीचा रंग काळपट होतो अशा रोग्यांच्या रक्तात स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडणारे द्रव्य दाखवून दिले, तरी बहुतेकांनी तो एक अपवाद मानला. मोठ्या माणसाचे मत शास्त्रातही किती काळ वाट अडवून बसते, याचा हा नमुना होय.

ही वाट मोकळी करण्यात मोठा वाटा उचलला तो मुळात गुराढोरांचे वैद्यक शिकलेल्या एका इंग्रज शास्त्रज्ञाने. रॉबिन कूम्ब्स यांची पहिली पदवी पशुवैद्यकाची. काही प्रतिपिंड तांबड्या पेशींना चिकटतात, परंतु त्यांचे पुंजके बांधत नाहीत. म्हणून डोळ्यांना काहीच दिसत नाही. कूम्ब्स यांची युक्ती साधी होती. माणसाचे ग्लोब्युलिन सशाला टोचावे, म्हणजे ससा त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करतो. सशाचे ते रक्तजल धुतलेल्या पेशींत मिसळावे. पेशींवर माणसाचे प्रतिपिंड दडलेले असतील तर सशाचे प्रतिपिंड त्यांना एकमेकांशी जोडतात आणि पुंजके उघड दिसू लागतात. मोरां आणि रेस यांच्यासह त्यांनी ही परीक्षा 1945 साली प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी तिच्या साह्याने हे दिसून आले की, काही रोग्यांचा रक्तक्षय जन्मजात नसून त्यांच्याच प्रतिपिंडांनी घडवून आणलेला असतो.

याच सुमारास मुंबईत एक वेगळेच कोडे उभे राहिले. के. ई. एम. रुग्णालयाशी संलग्न असलेल्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया यांना अशी माणसे आढळली की, ज्यांच्या पेशी तपासल्यास त्यांचा गट ओ वाटावा, पण ओ गटाचे रक्त मिसळताच त्याचेही पुंजके व्हावेत. लंडनच्या तज्ज्ञांशी सहकार्य करून त्यांनी 1952 साली ‘लॅन्सेट’मध्ये तीन व्यक्तींचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ए व बी ही चिन्हे ज्या पायावर उभी राहतात तो एच नावाचा शर्करायुक्त पदार्थ यांच्या पेशींवर नव्हताच. उलट त्याच्याविरुद्धचे प्रतिपिंड रक्तजलात होते. ओ गटाच्या पेशींवर हा पदार्थ सर्वांत अधिक असतो. म्हणजे इतरांचा सर्वदाता तो यांचा वैरी! या गटास मुंबईचेच नाव मिळाले. भारतात तो सुमारे 10,000 माणसांत एखाद्याला असतो असे मानतात.

श्रोत्यांनी आता दोन रोगी डोळ्यांसमोर आणावेत. दोघेही पांढरेफटक पडलेले, आणि रक्तपेढीतील एकही बाटली दोघांपैकी कोणाला जुळत नाही. एक मुंबई गटाचा आहे. दुसऱ्याचे प्रतिपिंड सर्व माणसांत असणाऱ्या, म्हणून त्याच्या स्वतःच्याही पेशींवर असणाऱ्या खुणेवर उलटलेले आहेत. वरवर पाहता दोघांचे निकाल सारखेच. उपाय मात्र अगदी उलट. पहिल्याला साधे ओ रक्त दिले तर प्राणावर बेतेल. त्याच्यासाठी त्याच गटाचा दाता शोधण्यावाचून गत्यंतर नाही. दुसऱ्यासाठी जुळणारे रक्त शोधत बसणे हाच धोका, कारण ते मिळणारच नाही. स्टेरॉइड औषधे सुरू करून, रक्ताचे प्रमाण फारच उतरले असल्यास त्यातल्या त्यात कमी विरोधी रक्त हळूहळू, डोळ्यांत तेल घालून द्यावे लागते. मात्र दुसरे काही छुपे प्रतिपिंड नाहीत ना, हे आधी पाहणे भाग असते.

या दोघांतील भेद एका लहानशा नळीत कळतो. रोग्याचे रक्तजल त्याच्याच पेशींशी मिसळून कूम्ब्सचे द्रव्य घालतात. मुंबई गटाच्या रोग्याच्या पेशी सुट्या राहतात. दुसऱ्याच्या पेशींचे पुंजके होतात. घाईच्या वेळी ही एक नळी वगळण्याचा मोह होतो. तो तंत्रज्ञाने आवरावा हेच बरे.

अशा प्रश्नांसाठी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 1957 साली मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र काढले. आज तेच राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था म्हणून के. ई. एम.च्या आवारात काम करते. मुंबई गटाचा दाता हवा असल्यास पहिली चौकशी मात्र रोग्याच्या घरीच करतात. ज्या आईबापांत हा गुण सुप्त असतो, त्यांच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याचा संभव चारांत एक असतो. तेव्हा सख्ख्या भावाबहिणींना आधी बोलावून घेतात.