डॉ. कमल रणदिवे यांचे शोधनिबंध आणि आपण



विद्वानाचा गौरव करावयाचा झाला म्हणजे त्याच्या लेखांची संख्या सांगण्याची चाल आहे. डॉ. कमल रणदिवे यांनीं कर्करोग व कुष्ठरोग या विषयांवर दोनशेंहून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध केले. संख्या मोठी खरी. परंतु बपेऱ्याच्या बांधींत धान रोवणाऱ्या मनुष्यास तिचा उपयोग काय, असें कोणी विचारील तर तो प्रश्न अयोग्य नव्हे. त्याचेंच उत्तर आज द्यावयाचें आहे.

कमलाबाईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजीं पुण्यास झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकवीत. विवाहानंतर त्या मुंबईस आल्या आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखालीं सन १९४९ मध्यें त्यांनीं पीएच.डी. ही पदवी मिळविली. पुढें अमेरिकेंत बाल्टिमोर येथें अनुभव घेऊन त्या स्वदेशीं परतल्या, आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत त्यांनीं ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. जिवंत पेशी शरीराबाहेर काचपात्रांत वाढवून त्यांचें निरीक्षण करण्याची ती सोय होय. रक्ताचा, स्तनाचा व अन्ननलिकेचा कर्करोग कसा उद्भवतो, हें पाहण्यासाठीं त्यांनीं प्राण्यांवर अभ्यास केला.

रक्ताचा कर्करोग म्हणजे काय? आपलें रक्त हाडांतील मज्जेंत तयार होतें. तेथें अपक्व पेशी अनिर्बंध वाढूं लागल्या, म्हणजे निरोगी पेशींस जागा उरत नाहीं. मग रोगी फिकट पडतो, ताप हटत नाहीं, अंगावर निळसर डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येतें. हा रोग कोणाच्या पापाचें फळ नव्हे, करणी नव्हे, कीं स्पर्शानें पसरणाराही नव्हे.

शोधनिबंध ही स्तुति नसून साक्ष आहे. काय केलें, कितीजणांवर केलें, काय साधलें आणि काय साधलें नाहीं, हें त्यांत लिहावें लागतें. म्हणून परक्या देशांतील अभ्यासकासही तें पडताळून पाहतां येतें. याचें एक उदाहरण देतों. आंध्रांत जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेंतील ज्या औषधसंशोधनाचे प्रमुख होते, त्यांतून निघालेलें अमिनोप्टेरिन हें औषध बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनीं रक्तकर्करोगाच्या बालकांस दिलें. सन १९४८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निबंधांत त्यांनीं १६ बालकांपैकीं १० जणांस गुण आल्याचें नमूद केलें. मात्र निबंधाच्या मथळ्यांतच त्यांनीं तो उतार ‘तात्पुरता’ म्हटला. हर्षाच्या भरांत त्यांनीं तो शब्द गाळला नाहीं. म्हणूनच पुढील अभ्यासकांनीं एकावर न थांबतां अनेक औषधें एकत्र योजिलीं, आणि उपचार दीर्घकाळ चालविले. आज बालकांत अधिक आढळणाऱ्या प्रकारच्या रक्तकर्करोगांत, पूर्ण उपचार मिळाल्यास, बहुसंख्य मुलें बरीं होतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयांत सन १९८३ मध्यें मज्जारोपणही यशस्वी झालें.

त्या एका शब्दांत आपणांसाठीं मोठा बोध आहे. औषधानें मूल कांहीं आठवड्यांत खेळूं लागतें, आणि घरच्यांस वाटतें, ‘आतां बरें झालें, पुन्हां नागपूरचा खर्च कशाला?’ येथेंच घात होतो. दिसण्यांतला उतार म्हणजे रोगमुक्ति नव्हे. हे उपचार दोन ते तीन वर्षें चालतात. मध्येंच सोडल्यास रोग उलटण्याचा धोका फार मोठा. यास्तव ज्या घरीं असें मूल असेल, त्या घरचें वावर शेजाऱ्यांनीं राखावें, जनावरांचा चारापाणी पाहावा, प्रवासाचें भाडें मिळून जमवावें. तसेंच आपल्या विदर्भांत सिकलसेलही आढळतो. त्यामुळें फिकटपणाचें कारण तर्कानें न ठरवितां रक्ततपासणी करून घ्यावी.

कमलाबाईंस सन १९८२ मध्यें पद्मभूषण मिळालें. परंतु त्या मानावर विसावल्या नाहींत. उतारवयांत अहमदनगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्यांतील आदिवासी बालकांच्या पोषणाचा अभ्यास त्यांनीं केला आणि तेथील स्त्रियांस आरोग्याचें शिक्षण देण्याचें कार्य हातीं घेतलें. सन २००१ मध्यें त्यांचें निधन झालें. प्रयोगशाळेंतील निबंध गांवच्या अंगणापर्यंत पोहोंचले पाहिजेत, हें त्यांच्या आयुष्यावरून दिसतें. तेथून पुढचा रस्ता आपल्या पायांचा आहे. ताप हटत नसेल तर मुलास वेळेवर वैद्याकडे न्या, आणि उपचार सुरू झाल्यावर तो शेवटास न्या.