खंड पडला तरी



आमच्या गिरगावात, खोताच्या वाडीत, वर्षातून दोनदा नेमांचे दिवस येतात. पहिल्यांदा राखेच्या बुधवारी. त्या दिवशी वाडीतली ईस्ट इंडियन मंडळी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन चर्चमधून परततात, आणि ईस्टरपर्यंत कुणी मटण सोडतं, कुणी दारू, कुणी सिगारेट. दुसऱ्यांदा आषाढी एकादशीला. मग चातुर्मासाचे नेम सुरू होतात. कांदा-लसूण बंद, वांगं बंद, कुणाचं एकवेळ जेवण, कुणाचा रोज पोथीचा एक अध्याय. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस इथल्या जागा ईस्ट इंडियन कुटुंबांना दिल्या. तेव्हापासून ही दोन्ही पंचांगं या अरुंद बोळात शेजारी-शेजारी नांदताहेत. लाकडी सज्ज्यांची आणि बाहेरून जिना चढणारी ती जुनी घरं आता निम्मीही उरली नाहीत. नेम मात्र उरले आहेत.

मला आज बोलायचं आहे ते स्वतःच स्वतःला दिलेल्या शब्दाबद्दल.

दुसऱ्याला शब्द दिला की तो आठवण करून द्यायला कुणीतरी असतं. मुलाला राणीच्या बागेत न्यायचं कबूल करून बघा, रविवारी पहाटे ते उशाशी येऊन उभं राहतं. स्वतःला दिलेल्या शब्दात मात्र देणेकरीही आपण आणि घेणेकरीही आपणच. तगादा लावायला कुणी येत नाही आणि माफी तर मागायच्या आधीच मिळते. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन होते. ती पाहून किती जण ठरवतात, पुढच्या वर्षी आपणही धावायचं! आठवडाभर मरीन ड्राइव्हवर पहाटे गर्दी वाढते. मग एखाद्या दिवशी ताप येतो, घरी पाहुणे येतात, ऑफिसात रात्र होते. एक दिवस जातो, दुसरा जातो, आणि तिसऱ्या दिवशी माणूस म्हणतो, जाऊ दे, आता मोडलंच.

लोक याला मनाचा दुबळेपणा म्हणतात. मला ते पटत नाही. मन बहुतेकांचं पुरेसं खंबीर असतं. चुकतो तो हा समज, की खंड पडला म्हणजे व्रत संपलं. हा समज कुठून आला कोण जाणे. आपल्या परंपरेत तो नाही, आणि हे मला ज्यांच्यामुळे कळलं ते विद्वान आमच्या गिरगावातलेच होते.

महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे. जन्म 1880 चा, चिपळूणजवळचा. शिक्षण दापोलीला आणि मग मुंबईला. काही वर्षं शाळामास्तर, नंतर मुंबई उच्च न्यायालयात वकील. राहायला आंग्रेवाडीत, म्हणजे आमच्यापासून चार पावलांवर. वकिली चालू असतानाच त्यांनी ‘व्यवहारमयूख’ हा नीलकंठ भट्टांचा सतराव्या शतकातला ग्रंथ संपादनाला घेतला. वारसाहक्काच्या खटल्यांत मुंबई बेटावर आणि गुजरातेत त्या ग्रंथाला फार मान होता. त्याला एक प्रस्तावना लिहावी आणि तिच्यात धर्मशास्त्राच्या वाङ्मयाचा थोडा इतिहास सांगावा, एवढाच बेत होता. ‘व्यवहारमयूख’ 1926 साली निघाला. पण तोवर काण्यांच्या ध्यानात आलं होतं की हा विषय प्रस्तावनेत मावणारा नाही, त्याला स्वतंत्र ग्रंथच हवा.

तो ग्रंथ म्हणजे ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने तो छापला. पाच खंड, सहा हजारांहून अधिक पानं.

या खंडांची सालं मी मुद्दाम वाचून दाखवते. पहिला 1930 चा. दुसरा 1941 चा. तिसरा 1946, चौथा 1953. पाचव्याचा पहिला भाग 1958 ला आणि शेवटचा 1962 ला. पहिला खंड निघाला तेव्हा काणे पन्नास वर्षांचे होते, शेवटचा निघाला तेव्हा ब्याऐंशी. साहित्य अकादमीचा पुरस्कार, 1963 सालचं भारतरत्न, हे सगळं आपण अभिमानाने सांगतो. मला त्याहून या सालांमधली अंतरं जास्त शिकवतात. पहिल्या आणि दुसऱ्या खंडात अकरा वर्षं! त्या काळात वकिली चालूच होती, घर चालवायचं होतं, पोटातल्या व्रणाचं जुनं दुखणं होतं. तिसऱ्या आणि चौथ्यात सात वर्षं. मधली दोन वर्षं, 1947 ते 1949, ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पुढे 1953 पासून 1959 पर्यंत राज्यसभेचे सभासद. काम मागे पडायला यातलं प्रत्येक कारण पुरेसं होतं आणि यातल्या कुठल्याही कारणाला कुणी बोल लावला नसता. हे पुस्तक पुरं करा म्हणून त्यांच्या मागे कोण लागणार होतं? सहा हजार पानांचा हट्ट दुसऱ्या कुणाचाही नव्हता.

आणि पाचव्या खंडाच्या पहिल्या भागाचा विषय कोणता असावा? व्रतं! त्यात काण्यांनी शेकडो व्रतांची अकारविल्हे यादी दिली आहे. पण यादीआधीची चर्चा सावकाश वाचावी. संकल्प कसा करायचा, तर देश आणि काळ उच्चारून. मी कुठे आहे, आज कोणती तिथी आहे, मी काय करणार आहे आणि किती दिवस करणार आहे, हे मोठ्याने म्हणायचं. ‘आता जरा तब्येतीकडे बघायला हवं’ असं पुटपुटणं म्हणजे संकल्प नव्हे. व्रताला आरंभ असतो तसं उद्यापनही असतं, म्हणजे ते कुठे संपणार हेही आधीच ठरलेलं असतं.

त्याहून मोलाचा भाग अडचणींचा आहे. पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविर्द्रव्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध, या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही, असं जुनं वचन आहे. औषधाने मोडत नाही, हे आजारी माणसासाठी केवढं आश्वासन! व्रत सुरू झाल्यावर घरात सुतक आलं तरी सुरू झालेल्या व्रताला ते आड येत नाही. व्रत करणारा अंथरुणाला खिळला तर मुलगा, पत्नी, भाऊ यांपैकी कुणी ते त्याच्या वतीने तडीला नेऊ शकतं. आणि रागाने, गाफीलपणाने किंवा लोभाने, म्हणजे सरळ आपल्याच दोषाने व्रत मोडलं तर? गरुडपुराण सांगतं की तीन दिवस उपास करावा, मुंडन करावं, आणि पुन्हा व्रती व्हावं. हे शेवटचे शब्द मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पान उलटायचं विसरले. शिक्षा आहे, आणि ती सोपी नाही. पण ती भोगली की माणूस जिथे होता तिथे परत येतो. व्रत त्याच्यासाठी थांबलेलं असतं.

हे सगळं मांडणारा माणूस त्या वेळी अठ्ठ्याहत्तरीत होता आणि स्वतःशी बोललेलं एक काम तीस वर्षांहून अधिक काळ ओढत आणत होता. ही प्रकरणं त्यांनी कोणत्या मनाने लिहिली असतील ते मला सांगता येणार नाही. पण आंग्रेवाडीवरून जाताना दर वेळी हा विचार मनात येतो.

ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या उपासकाळातही असंच शहाणपण आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं तर शेहेचाळीस दिवस भरतात. उपास मात्र चाळीस दिवसांचा म्हणतात. मधले सहा रविवार धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा सण. म्हणजे सुट्टी नेमातच धरलेली आहे. आमच्या शेजारची एक आजी म्हणायची, “रविवारी गोड खाल्लं तरच सोमवारी सोडता येतं, बाय.” तिचा नेम मी लहानपणापासून पाहिला. त्यात कधी आदळआपट नव्हती.

मी सध्या मोडी शिकते आहे. आजोबांच्या ट्रंकेत त्यांच्या हातचे हिशेबाचे कागद आहेत आणि घरात आता ते कुणालाच वाचता येत नाहीत. मोडी लिहिताना हात उचलायचा नसतो, शब्द एकमेकांना चिकटून येतात, आणि एक शब्द संपून दुसरा कुठे सुरू झाला हे ओळखण्यातच संध्याकाळ जाते. वय झाल्यावर नवी लिपी डोळ्यांना लवकर सरावत नाही. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर मी देशकाल लिहून ठेवला आहे: कुठे बसायचं, किती वाजता, कोणत्या कागदापर्यंत पोचलं की उद्यापन. खाली आणखी एक यादी आहे, कशाने मोडत नाही याची. घरातलं आजारपण, गावचं लग्नकार्य, गणपतीचे दिवस. ही दुसरी यादी लिहिल्यापासून वही जास्त वेळा उघडली जाते, हा माझा अनुभव आहे. आधी एखादा आठवडा सुटला की वहीकडे बघायचीच लाज वाटायची, आणि त्या लाजेपायी आणखी दोन आठवडे जायचे. अंगावर येणारी गोष्ट ही लाज आहे. अभ्यास बिचारा कधी अंगावर येत नाही.

कुणी म्हणेल, अशा सवलती दिल्या तर माणूस सवलतीतच राहील. ही भीती खरी आहे आणि शास्त्रकारांनाही ती होती. म्हणून तर सवलती आठच सांगितल्या, मोजून. कंटाळा त्यांत नाही. ‘आज मूड नाही’ हेही त्यांत नाही. रविवारची सूट रविवारपुरतीच. सवलत आधी बोलून ठेवायची, आयत्या वेळी शोधायची नाही, एवढं पाळलं तर आपण स्वतःला फसवतो आहोत का, हे आपलं आपल्यालाच चटकन कळतं. दुसरं कुणी विचारणारं नसलं तरी ती यादी विचारते.

पुन्हा काण्यांकडे येते, कारण त्यांचं काम 1962 ला थांबलं नाही. शेवटचा खंड निघाला तोवर पहिल्या खंडाला बत्तीस वर्षं झाली होती. मधल्या काळात नवे ग्रंथ उजेडात आले होते, नवी हस्तलिखितं मिळाली होती. भारतरत्न मिळालेल्या, ऐंशी उलटलेल्या माणसाने आता स्वस्थ बसावं, असंच सगळ्यांना वाटलं असणार. काण्यांनी पहिला खंड पुन्हा हातात घेतला. त्याच्या सुधारून वाढवलेल्या आवृत्तीचा पहिला भाग 1968 साली निघाला, तेव्हा ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. 1972 च्या एप्रिलमध्ये ते गेले. दुसरा भाग 1975 साली भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केला.