येणाऱ्या पाहुण्याला चहा कोण पाजतो?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेलं भाषण)



अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा पाहायला कोल्हापूरला रोज माणसं येतात. जुलै २०२५ मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आता गर्दी वाढली की विकास झाला, असं म्हटलं जाईल. आम्ही गिरणी कामगार एवढंच विचारतो, पाहुण्याचा पैसा पडतो कुणाच्या हातात?

याचं उत्तर राजर्षी शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वीच दिलं. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून गंगाराम कांबळे यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला मदत केली. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः तिथं थांबून चहा घेऊ लागले, बरोबरच्यांनाही पाजू लागले. रस्त्यावरच्या धंद्यात आमच्या माणसाला जागा आणि मान, दोन्ही मिळाले. आमच्या मते विकास तो हाच.

मग आपण प्रवासाला निघतो तेव्हा कसे वागतो? २१ व २२ मार्च १९२० ची परिषद झाली ते माणगाव आपल्याच जिल्ह्यात आहे. आपल्या किती पोरांनी ते पाहिलंय? तिथं जाऊ, अजिंठ्यालाही जाऊ. पण लेण्यात नाव कोरायचं नाही, कचरा टाकायचा नाही. चहा गावातल्या गरिबाच्या टपरीवर घ्यायचा. चप्पल घेताना कारागिराच्या घामाचा भाव पाडायचा नाही. आपल्या दोन रुपयांनी त्याची चूल पेटते, हे ध्यानात ठेवूया.

जयभीम!