जेवढं पीठ, तेवढंच काम

रावेर तालुक्यातल्या बचत गटांच्या सगळ्या ताई, मावशी, वहिनींनो, आज बोलू या घरून केलेल्या कामाबद्दल.

२०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईची मुलं लॅपटॉप घेऊन गावी आली, तेव्हाचं आठवतं का? 'गलका करू नका, दादाची मीटिंग चालू आहे.' दादाला चहासुद्धा जागेवर. त्याच घरात वहिनी ऑर्डरचे बिबडे, उडदाचे पापड, केळीचे वेफर्स करत असायची. तिला मात्र दहा हाका. का? तर 'ती घरीच तर असते!'

खरं तर घरून काम आपल्याला नवं नाही. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथे मळलेलं पीठ बायका केंद्रावरून मोजून घरी नेतात, पापड लाटून परत आणून देतात आणि मजुरी घेतात. यातलं 'मोजून' महत्त्वाचं. पीठ संपलं की काम संपलं.

मोबाईल आला आणि आपलं हे माप सुटलं. रात्री दहाला मेसेज येतो, 'ताई, परवापर्यंत पाच किलो मिळतील का?' आपण लगेच 'हो' लिहितो. सरकारच्या २०२४ च्या पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८. म्हणजे आपले जवळपास पाच तास आधीच गेलेले. वरची ऑर्डर मग झोपेतूनच निघते.

फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर फोन बंद ठेवण्याच्या हक्काचा कायदा आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये तसं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. पण असे कायदे नोकरदारांसाठी. आपल्यावर साहेब नाही, म्हणून नियमही आपणच करायचा.

पहिलं, दिवसाला किती किलो झेपतं ते ठरवा. त्याच्यावरची ऑर्डर पुढच्या दिवशी.

दुसरं, संध्याकाळी सातनंतर ऑर्डर घेऊ नका. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये 'उद्या सकाळी कळवते' असं उत्तर आपोआप जाण्याची सोय आहे. लेकीला सांगा, ती लावून देईल.

तिसरं, घरात वेळ सांगून ठेवा. अकरा ते दोन आई कामावर आहे. पाणी ज्याचं त्यानं घ्यायचं, ताट ज्याचं त्यानं उचलायचं.

चौथं, भाव ठरवताना उडीद, तेल, मसाला धरता, तशी आपली मजुरीही धरा.

तुम्ही म्हणाल, 'ताई, गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तर?' भीती खोटी नाही. एकटीनं नियम केला तर जाईलही. म्हणून गावातल्या सगळ्या गटांनी मिळून एकच वेळ ठरवा. आणि हप्त्याचे, बैठकीचे मेसेजही गटाच्या ग्रुपवर सातच्या आत टाका. दवाखान्याचं काम असेल तर मात्र रात्री-अपरात्री सरळ फोन करा, त्याला वेळ नसते.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि ठराव इतिवृत्तात लिहून सह्या करा.